करसवलत, देणगी आणि खाजगी शाळेची शिष्यवृत्ती : साखरखेर्ड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

खाजगी शाळांतील शिष्यवृत्तीसाठी कंपन्यांनी दिलेली रक्कम त्यांच्या देय करातून वळती करून देण्याची पद्धत अमेरिकेच्या काही राज्यांत २००१ पासून रूढ झाली. भारतात अशी थेट पद्धत नाही. मात्र आयकरातील देणगीची वजावट, कंपन्यांची सामाजिक उत्तरदायित्वाची तरतूद आणि शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के प्रवेश या तीन वाटांनी सार्वजनिक वा अर्धसार्वजनिक पैसा खाजगी शाळांपर्यंत पोहोचतो. प्रस्तुत लेखात या पद्धतींची तुलना तीन कसोट्यांवर केली आहे : पैसा कोणाचा, निवड कोणाची आणि हिशेब कोणापुढे. बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्यासारख्या कोरडवाहू गावातून पाहिल्यास अमेरिकेतील पद्धतीचे मुख्य आर्थिक समर्थन महाराष्ट्रात लागू पडत नाही, असा निष्कर्ष येथे मांडला आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : टॅक्स क्रेडिट, वजावट, सीएसआर, लोकवर्गणी, संचमान्यता, विभाज्य करनिधी.

प्रस्तावना

शिक्षणासाठी दिलेला पैसा दान केव्हा ठरतो आणि करातून वळवलेला सार्वजनिक निधी केव्हा ठरतो, हा प्रश्न वरवर पाहता लेखापालाचा वाटतो. प्रत्यक्षात तो लोकशाहीचा प्रश्न आहे. कर भरणारा नागरिक आपला पैसा शासनाच्या स्वाधीन करतो आणि तो कशावर खर्च व्हावा हे विधिमंडळ ठरवते. देणगीदार स्वतःचा पैसा देतो आणि तो कोणाला द्यावा हे स्वतः ठरवतो. पहिल्या व्यवहारात सत्ता सर्वांची असते, दुसऱ्यात ती एकाची असते. मात्र तिजोरीत जाणारा पैसा देणगीदाराच्या इच्छेने खर्च होऊ लागला की या दोन व्यवहारांतील सीमारेषा पुसली जाते.

महाराष्ट्रात शिक्षणासाठी खाजगी निधीचे आवाहन अलीकडे वारंवार होत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने दत्तक शाळा योजना जाहीर केली. ठरावीक काळासाठी ठरावीक मूल्याच्या वस्तू व सेवा देणाऱ्या देणगीदारास शाळेच्या नावाला आपल्या पसंतीचे नाव जोडण्याची मुभा तीत देण्यात आली. त्याच महिन्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचा विचार पुढे आला. शासनाच्याच आकडेवारीनुसार अशा शाळा १४,७८३ होत्या आणि त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी शिकत होते. एका बाजूला देणगीदाराचा शोध आणि दुसऱ्या बाजूला लहान शाळांची आवराआवर, अशा या काळात ‘कंपन्यांना करात सूट द्या, त्या गरीब मुलांना चांगल्या खाजगी शाळेत शिकवतील’ ही सूचना सहज आकर्षक वाटते. म्हणूनच तिची चिकित्सा आवश्यक ठरते.

वजावट आणि क्रेडिट : मूलभूत भेद

या विषयावरील चर्चेत ‘करसवलत’ हा एकच शब्द दोन अगदी भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो. वजावट ही उत्पन्नातून होते, तर क्रेडिट हे देय करातून वळते होते. हा भेद उदाहरणाने स्पष्ट होईल.

एखाद्या कंपनीने ८०-जी खाली मान्यताप्राप्त असलेल्या शिक्षणसंस्थेला १ लाख रुपये दिले, असे समजू. सर्वसाधारण धर्मादाय न्यासांना दिलेल्या देणगीपैकी ५० टक्के रक्कम, एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत, वजावटीस पात्र असते. म्हणजे कंपनीचे करपात्र उत्पन्न ५०,००० रुपयांनी घटते. कराचा दर ३० टक्के असल्यास, अधिभार व उपकर बाजूला ठेवून, तिचा १५,००० रुपये कर वाचतो. १ लाखापैकी ८५,००० रुपये कंपनीचे आणि १५,००० रुपये तिजोरीचे, अशी ही विभागणी झाली. तीच कंपनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात असती, तर ७५ टक्के क्रेडिटप्रमाणे तिचे स्वतःचे केवळ २५,००० रुपये खर्च झाले असते. सलग दोन वर्षे देण्याचे वचन दिल्यास क्रेडिट ९० टक्के होते, म्हणजे पदरचे १०,००० रुपये. फ्लोरिडा राज्यात क्रेडिट पूर्ण १०० टक्के आहे. तेथे कंपनीच्या खिशातून काहीच जात नाही. जो कर शासनाला द्यायचा, तोच शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेला दिला जातो.

शेवटच्या उदाहरणात ‘देणगी’ हा शब्द उरतो, पण त्यामागील त्याग उरत नाही. ज्याने काही दिले नाही त्याला दाता म्हणावे काय, हा प्रश्न येथे अपरिहार्य होतो.

अर्थशास्त्रात अशा सवलतींना करव्यय म्हटले जाते. १९६०च्या दशकात अमेरिकी करतज्ज्ञ स्टॅन्ली सरे यांनी ही संकल्पना रूढ केली. शासनाने पैसा गोळा करून वाटला काय किंवा गोळाच न करता दुसऱ्याला वाटू दिला काय, तिजोरीवरील परिणाम सारखाच, हे तिचे सार आहे. भारत सरकारही २००६-०७ पासून अर्थसंकल्पासोबत करसवलतींमुळे बुडणाऱ्या महसुलाचे विवरणपत्र प्रसिद्ध करत आले आहे. सवलत हा खर्चाचाच एक प्रकार आहे, ही गोष्ट भारतीय अर्थसंकल्पाने तत्त्वतः मान्य केलेली आहे.

अमेरिकेतील अनुभव

या पद्धतीचा आरंभ १९९७ मध्ये अ‍ॅरिझोना राज्यात वैयक्तिक करदात्यांपासून झाला. कंपन्यांसाठीच्या योजना पेनसिल्व्हेनिया व फ्लोरिडा या राज्यांनी २००१ मध्ये सुरू केल्या. फ्लोरिडाच्या योजनेची आरंभीची वार्षिक मर्यादा ५ कोटी डॉलर होती आणि लाभ कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपुरता ठेवलेला होता. समर्थकांचा युक्तिवाद असा होता की, श्रीमंत पालक आजही शाळा निवडतातच. ती निवड गरीब पालकालाही मिळाली पाहिजे. या युक्तिवादातील नैतिक बळ नाकारता येत नाही. चांगल्या शाळेची ओढ हा काही मध्यमवर्गाचा विशेषाधिकार नव्हे.

परंतु पुढील प्रवासात तीन गोष्टी घडलेल्या दिसतात. पहिली गोष्ट व्याप्तीची. फ्लोरिडात २०२३ च्या कायद्याने उत्पन्नाची अट काढून टाकण्यात आली आणि गरिबांच्या नावाने उभी राहिलेली सोय सर्वांसाठी खुली झाली. दुसरी गोष्ट गैरवापराची. अ‍ॅरिझोनात देणगीदार पालकांनी परस्परांच्या मुलांची नावे सुचवून करसवलतीच्या पैशात फी भागवल्याचे प्रकार २००९ मध्ये वृत्तपत्रांनी उघड केले आणि त्यानंतर कायद्यात दुरुस्ती करावी लागली. तिसरी गोष्ट हिशेबाची. पेनसिल्व्हेनियात दोन दशकांनंतरही योजनेचा शैक्षणिक परिणाम मोजण्याइतकी माहिती गोळा होत नसल्याचे राज्याच्या स्वतंत्र वित्तीय कार्यालयाने २०२२ मध्ये नोंदवले. याउलट इलिनॉय राज्याने २०१७ मध्ये ७५ टक्के क्रेडिटची योजना मुदतीसह आणली आणि मुदत न वाढवता २०२३ अखेर ती संपू दिली. मुदतीची अट घातल्याने विधिमंडळाला फेरविचाराची संधी मिळाली, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

न्यायालयीन बाजूही उद्बोधक आहे. अ‍ॅरिझोनातील क्रेडिटचा मोठा भाग धार्मिक शाळांकडे जातो, या कारणास्तव काही करदात्यांनी त्यास आव्हान दिले. २०११ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी निर्णय दिला की, हा पैसा शासनाच्या तिजोरीत आलेलाच नसल्यामुळे करदात्यांना दाद मागण्याचा अधिकार नाही. अल्पमतातील न्यायाधीशांनी रोख अनुदान आणि करातील सूट यांत तत्त्वतः फरक नाही, अशी भूमिका घेतली. या निर्णयाचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. पैसा तिजोरीत येण्यापूर्वीच वळवला, तर त्याविषयी प्रश्न विचारण्याचा नागरिकाचा अधिकारही त्याच्याबरोबर वळतो.

२०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानेही ही पद्धत स्वीकारली. १ जानेवारी २०२७ पासून वैयक्तिक करदात्यास वर्षाला १,७०० डॉलरपर्यंत क्रेडिट देण्याची तरतूद त्यात असून, सहभागी व्हायचे की नाही हे राज्यांनी ठरवायचे आहे. राज्यापुरती असलेली योजना संघराज्याच्या करात आल्याने ती भारतातील चर्चेतही डोकावण्याची शक्यता वाढली आहे.

भारतातील तीन वाटा

भारतातील चौकट वेगळी आहे. पहिली वाट ८०-जी खालील वजावटीची. तिचा हिशेब वर पाहिला. २०१९ मध्ये कंपन्यांना २२ टक्के दराने कर भरण्याचा पर्याय कलम ११५-बीएए अन्वये मिळाला. या पर्यायात ८०-जी ची वजावट मिळत नाही. म्हणजे कमी दर स्वीकारलेली कंपनी शाळेला १ लाख रुपये देते तेव्हा ते पूर्णतः तिचेच असतात. अमेरिकेतील राज्ये सवलत वाढवत असताना भारताने दर कमी करून सवलती आवरण्याची दिशा घेतली, असे म्हणता येईल. २०२५ च्या नव्या आयकर अधिनियमाने (अंमल १ एप्रिल २०२६) कलमांचे क्रमांक बदलले, तरी वजावटीचे तत्त्व तेच ठेवले. २०२१-२२ पासून देणगी घेणाऱ्या संस्थांना देणगीदारांचे वार्षिक विवरण आयकर विभागास द्यावे लागते. हिशेबाच्या कसोटीवर ही सुधारणा महत्त्वाची आहे.

दुसरी वाट सीएसआरची. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये निव्वळ मूल्य, १,००० कोटी रुपये उलाढाल किंवा ५ कोटी रुपये निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावयाची असते. सातव्या अनुसूचीत शिक्षणाचा समावेश आहे. त्यामुळे खाजगी शाळेतील शिष्यवृत्तीही या खर्चात बसू शकते. हा खर्च व्यावसायिक खर्च म्हणून वजा करता येणार नाही, असे २०१४ च्या वित्त अधिनियमाने स्पष्ट केले. मात्र सीएसआरची रक्कम ८०-जी मान्यता असलेल्या न्यासाला दिल्यास तिची वजावट मिळते, असे मत आयकर अपील न्यायाधिकरणाच्या अनेक खंडपीठांनी दिले आहे. स्वच्छ भारत कोश व स्वच्छ गंगा निधी या दोनच बाबतींत कायद्याने सीएसआरच्या रकमेस स्पष्ट मनाई केली, यावरून इतरत्र ती मनाई नाही, असा हा अर्थ लावला गेला. कायद्याने पुढच्या दाराने नाकारलेली सवलत अशा रीतीने मागच्या दाराने अंशतः परत येते.

तिसरी वाट शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १२ (१) (ग) ची. विनाअनुदानित खाजगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात आणि शासनाने त्याचा परतावा द्यावा, अशी ही तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळता ती वैध ठरवली. खाजगी शाळेतील गरीब मुलाची ही शिष्यवृत्तीच होय. पण येथे पैसा उघडपणे शासनाचा आहे, प्रवेश सोडतीने ठरतो आणि दाद न्यायालयात मागता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शासकीय वा अनुदानित शाळेच्या १ किलोमीटर परिसरातील खाजगी शाळांना या बंधनातून वगळले. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. हक्क म्हणून मिळालेली शिष्यवृत्ती काढून घेता येत नाही, हे या निकालाने दाखवले. कंपनीच्या देणगीवर चालणारी शिष्यवृत्ती एखाद्या वर्षी बंद झाली, तर कोणते मूल कोणत्या न्यायालयात जाणार?

या वाटेतही दोष आहेत. परताव्याची रक्कम थकल्याच्या तक्रारी शाळाचालक दीर्घकाळ करत आले आहेत. प्रतिविद्यार्थी १७,६७० रुपयांचा दर कोविडकाळात ८,००० रुपयांवर आणला गेला, हेही शासनाच्या बांधिलकीविषयी शंका निर्माण करणारे होते. पण हे दोष अंमलबजावणीचे आहेत. तत्त्वाचे नव्हेत.

फ्लोरिडाचे गणित आणि महाराष्ट्राची तिजोरी

टॅक्स क्रेडिटच्या समर्थनार्थ सर्वांत बळकट पुरावा फ्लोरिडातूनच येतो. तेथील विधिमंडळाच्या धोरण-विश्लेषण कार्यालयाने २००८ मध्ये असा निष्कर्ष काढला होता की, कंपनीकरात बुडालेल्या प्रत्येक १ डॉलरमागे राज्याचे शाळांवरील १.४९ डॉलर वाचतात. विद्यार्थी सरकारी शाळा सोडून गेला की त्याच्यामागे दिले जाणारे अनुदान वाचते आणि शिष्यवृत्ती त्या अनुदानापेक्षा कमी रकमेची असते, हे या बचतीचे कारण. हा युक्तिवाद बाजूला सारता येणार नाही. तो महाराष्ट्राला लागू पडतो काय, एवढेच पाहावयाचे आहे.

तो दोन कारणांनी लागू पडत नाही. पहिले कारण तिजोऱ्यांचे. फ्लोरिडात कंपनीकर राज्याचा आणि शाळांच्या खर्चातही राज्याचा मोठा वाटा. एकाच तिजोरीत तोटा आणि बचत यांची बेरीज-वजाबाकी होते. भारतात शेतीउत्पन्न वगळता उत्पन्नावरील कर हा केंद्राचा विषय आहे आणि शालेय शिक्षणाचा बहुतांश भार राज्य उचलते. केंद्राने कंपन्यांना १०० रुपयांचे क्रेडिट दिले, तर पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ठरवलेल्या ४१ टक्के वाट्यानुसार त्यातील सुमारे ४१ रुपये सर्व राज्यांचे बुडतात. त्या विभाज्य करनिधीत महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के होता. म्हणजे महाराष्ट्राचे सुमारे २ रुपये ६० पैसे जातात. उरलेले सुमारे ३८ रुपये बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश आदी राज्यांच्या वाट्याचे असतात. मुंबईतील कंपनीने पुण्यातील शाळेला दिलेल्या ‘देणगी’चा मोठा हिस्सा अशा रीतीने दरभंग्याच्या किंवा कालाहंडीच्या मुलांच्या वाट्यातून कापला जाईल. त्या मुलांना हे कोणी विचारलेले नसेल.

दुसरे कारण शिक्षकांच्या पदांचे. महाराष्ट्रात शाळेवरील मुख्य खर्च हा शिक्षकांच्या वेतनाचा आणि शिक्षकांची पदे ठरतात ती पटावर आधारित संचमान्यतेने. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० पटासाठी तीन शिक्षक असतात. ४८ पटाच्या शाळेतून ५ मुले शिष्यवृत्तीवर खाजगी शाळेत गेली, तर पट ४३ होतो आणि शिक्षक दोनच राहतात. शासनाचा एक रुपयाही वाचत नाही. उलट ६२ पटाच्या शाळेतून तेवढीच मुले गेली, तर पट ५७ होऊन तिसरे पद जाते. येथे बचत होते खरी, पण ती मागे राहिलेल्या ५७ मुलांच्या एका शिक्षकाची असते. फ्लोरिडाच्या ताळेबंदात जी रक्कम नफ्याच्या रकान्यात आहे, ती महाराष्ट्रातील लहान शाळेत राहिलेल्या मुलांच्या नुकसानीच्या रकान्यात लिहावी लागेल.

साखरखेर्ड्याच्या संदर्भात

सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना ११ ऑक्टोबर १७२४ च्या लढाईमुळे परिचित आहे. निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा येथे पराभव केला आणि दख्खनमधील निजामाच्या स्वतंत्र सत्तेचा पाया घातला गेला. त्यानंतर वऱ्हाडातील रयतेने दीर्घकाळ निजाम आणि मराठे यांचा दुहेरी अंमल सोसला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे गेले ते हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च भागवण्यासाठी. येथील शेतकऱ्याने भरलेला सारा येथे खर्च होईलच असे नाही, हा अनुभव या प्रदेशाला नवा नाही.

आजच्या संदर्भात हा प्रश्न असा उभा राहतो. सोयाबीन, कापूस आणि तूर यांवर जगणारा हा कोरडवाहू पट्टा आहे. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातील जे सहा आत्महत्याग्रस्त जिल्हे होते, त्यांत बुलढाण्याचा समावेश होता. येथील शेतकऱ्याचे शेतीउत्पन्न आयकरमुक्त आहे. परंतु तो कर भरत नाही, हा समज चुकीचा आहे. खतावर ५ टक्के आणि रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के वस्तू व सेवा कर तो भरतोच. मात्र आयकर नसल्यामुळे त्याला ८०-जी चा लाभ मिळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर राज्यातील अनेक गावांनी लोकवर्गणीतून जिल्हा परिषद शाळांना संगणक, प्रोजेक्टर, रंगरंगोटी मिळवून दिली. कोरडवाहू शेतकऱ्याने शाळेच्या खोलीसाठी सोयाबीनच्या पट्टीतून ५०० रुपये दिले, तर ते पूर्णपणे त्याच्या पदरचे असतात. १०० टक्के क्रेडिट घेणारी कंपनी ५० लाख देते, तेव्हा तिच्या पदरचे काहीच नसते. तरीही संगमरवरी पाटीवर नाव दुसऱ्याचेच कोरले जाण्याची शक्यता अधिक.

दुसरा मुद्दा भूगोलाचा आहे. कलम १३५ मध्ये कंपनीने आपल्या कार्यक्षेत्राच्या परिसरास प्राधान्य द्यावे, असे म्हटले आहे. देशात सीएसआरचा सर्वाधिक खर्च महाराष्ट्रात होतो, पण कारखाने आणि मुख्यालये जेथे आहेत तेथेच तो एकवटतो. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत शेजारचा वाशिम जिल्हा आहे, बुलढाणा नाही. परिणामी कंपनीही जवळ नाही आणि यादीतही नाव नाही, अशा दुहेरी अडचणीत हा परिसर सापडतो. शिष्यवृत्ती क्रेडिटवर आधारली, तर ही विषमता आणखी वाढेल, कारण शिष्यवृत्तीला मूल लागते तशी फी घेणारी चांगली खाजगी शाळाही लागते. ती ज्या गावात नाही, तेथील मुलासाठी शिष्यवृत्ती म्हणजे तालुक्याच्या गावाची बस किंवा घर सोडून वसतिगृह. मुलींच्या बाबतीत तर अनेक घरांत ही वाट बसथांब्यावरच संपते.

येथे पालकांच्या आकांक्षेचा अवमान करण्याचा हेतू नाही. खेड्यातील पालक पोटाला चिमटा घेऊन मुलाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालतो, ते हौसेने नव्हे. गावच्या शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात हे तो पाहतो. त्याची तक्रार खरी आहे. त्या तक्रारीवर क्रेडिटचा उपाय निवडक मुलांना शाळेबाहेर काढतो. तक्रारीचे कारण मात्र शाळेतच राहते.

दान, वर्गणी आणि ‘डोनेशन’

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी महाराष्ट्राकडे स्वतःची वैचारिक सामग्री आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, याकडे लक्ष वेधले आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. पैसा कोणाचा आणि लाभ कोणाला, हीच त्यांची कसोटी होती. टॅक्स क्रेडिटची चिकित्सा करताना ती आजही उपयोगी पडते.

खाजगी पुढाकाराची परंपराही तेवढीच समृद्ध आहे. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था, डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीस उभे केलेले श्रद्धानंद छात्रालय व श्री शिवाजी शिक्षण संस्था यांचा पाया वर्गणी आणि स्वार्थत्याग हाच होता. घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढण्याची रयतची मुष्टिफंडाची कल्पना हे त्याचे बोलके उदाहरण. या देणाऱ्यांना करात सूट मिळाली नव्हती आणि त्यांनी विद्यार्थीही निवडले नव्हते. वसतिगृहाचे दार सर्व जातींच्या मुलांसाठी खुले असणे, हीच त्या वर्गणीची अट होती. खाजगी शिक्षणसंस्था म्हणजे लोकविरोधी, असे समीकरण म्हणूनच महाराष्ट्रात मांडता येत नाही.

पुढील काळात मात्र भाषेनेच बदलाची नोंद घेतली. मराठी बोलण्यात ‘देणगी’ आणि ‘डोनेशन’ हे शब्द समानार्थी राहिले नाहीत. देणगी स्वेच्छेने दिली जाते, तर डोनेशन प्रवेशासाठी मोजावे लागते. महाराष्ट्राला १९८७ मध्ये कॅपिटेशन फीला मनाई करणारा कायदा करावा लागला, हा त्याचाच पुरावा. ज्या समाजात प्रवेशाच्या खिडकीवर पावतीशिवाय देणगी घेतली गेली, त्या समाजात शाळेला दिलेल्या देणगीवर १०० टक्के करसूट दिल्यास फीचेच रूपांतर देणगीत होण्याचा धोका काल्पनिक म्हणता येणार नाही. अ‍ॅरिझोनातील परस्पर शिफारशींचा प्रकार येथे किती वेगाने रुजेल, याचा अंदाज प्राध्यापकवर्गास सांगावयास नको.

शिक्षणासाठी विशिष्ट निधी उभारण्याचा दुसरा मार्ग भारतात रूढ आहे, तो उपकराचा. महाराष्ट्रात १९६२ पासून शिक्षण उपकर आहे. केंद्राने २००४ मध्ये २ टक्के शिक्षण उपकर लावला आणि २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून तो ४ टक्के झाला. उपकराच्या रकमेत राज्यांना वाटा मिळत नाही, ही त्यातील मोठी उणीव आहे. तरीही उपकर आणि क्रेडिट यांची दिशा परस्परविरुद्ध आहे. उपकर करदात्याकडून शिक्षणासाठी अधिक मागतो आणि खर्चाचा निर्णय संसदेकडे ठेवतो. क्रेडिट करदात्याला आहे तेवढ्यातूनच देऊ देते आणि निर्णयही त्याच्याच हाती सोपवते.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पूर्ण वा जवळपास पूर्ण टॅक्स क्रेडिट हे दान नसून शासकीय खर्चाचा अधिकार खाजगी हातांत देणे होय. भारतातील अंशतः वजावटीची पद्धत त्या तुलनेने अधिक प्रामाणिक आहे, कारण तीत देणाऱ्याचा स्वतःचा वाटा मोठा राहतो. फ्लोरिडातील बचतीचा युक्तिवाद भारताच्या संघराज्यीय करव्यवस्थेत आणि महाराष्ट्रातील संचमान्यतेच्या पद्धतीत टिकत नाही.

कंपन्यांचा पैसा शिक्षणात येऊ नये, असा याचा अर्थ नाही. आयकर कायद्याने शासनास किंवा स्थानिक प्राधिकरणास धर्मादाय हेतूने दिलेल्या रकमेवरही ५० टक्के वजावट दिलेली आहे. जिल्हा परिषद हे असे प्राधिकरण असल्याने तिच्या शाळांसाठीही हा मार्ग खुला आहे. त्याची माहिती मात्र गावपातळीवर क्वचितच पोहोचते. शाळा व्यवस्थापन समित्यांना ती करून देणे, सीएसआरमधील परिसराच्या अटीमुळे वगळल्या जाणाऱ्या तालुक्यांसाठी काही हिस्सा राखून ठेवणे, तालुकानिहाय सीएसआर खर्च प्रसिद्ध करणे आणि २५ टक्के प्रवेशांचा परतावा वेळेवर देणे या उपाययोजनांसाठी नव्या सवलतीची गरज नाही. खाजगी शाळेतील शिष्यवृत्ती द्यावयाचीच असेल, तर ती हक्काच्या स्वरूपात, सोडतीने आणि उघड हिशेबाने दिली जावी.

साखरखेर्ड्यातील शेतकऱ्याने कीटकनाशकाच्या डब्यावर भरलेला कर आणि मुंबईतील कंपनीने नफ्यावर भरलेला कर हे दोन्ही एकाच तिजोरीत जमा होतात. त्या तिजोरीतून आपल्या इच्छेने शाळा निवडण्याचा अधिकार त्यांपैकी एकालाच द्यावयाचा असेल, तर तो दुसऱ्याला का नाही, याचे उत्तर धोरणकर्त्यांना आधी द्यावे लागेल.